स्प्रिंग सीझनचं वेळापत्रक पेन्सिलीनं लिहावं

अमेरिकन विद्यापीठाचं ॲथलेटिक डिपार्टमेंट म्हटलं की आधी आठवतो फुटबॉल. पैसा तिथंच आहे, त्यामुळे ते साहजिकच. पण वेळापत्रक सांभाळणाऱ्याला विचाराल तर फुटबॉल सोपा. नियमित सीझनचे बारा सामने, आठवड्याला फार तर एक, आणि पाऊस आला तरी खेळ चालू. खरी कसरत वसंतातली. फेब्रुवारीच्या मध्यापासून मे अखेरपर्यंतच्या चौदा-पंधरा आठवड्यांत बेसबॉलचे ५६ सामने बसवायचे. सॉफ्टबॉलचेही ५६, फक्त ते आठवडाभर आधी सुरू होतात. त्याच दिवसांत ट्रॅकच्या मीट्स, टेनिस, गोल्फ, लॅक्रॉस, रोइंग. आणि हे सगळं बर्फ वितळणं आणि सत्रपरीक्षा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत.

म्हणून हे वेळापत्रक पेन्सिलीनं लिहायचं असतं. खोडरबर कुणी, कधी आणि कुठल्या कारणासाठी हातात घ्यायचं, यावर अर्धा सीझन ठरतो.

मिशिगन, मिनेसोटासारख्या उत्तरेकडच्या राज्यांत फेब्रुवारीत मैदानावर बर्फ असतो. तिथले बेसबॉल-सॉफ्टबॉल संघ पहिले तीन-चार आठवडे घरी खेळतच नाहीत. फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोना, कॅरोलिना अशी वारी चालू असते. सरावही तोवर घुमटाखालच्या कृत्रिम गवतावर झालेला. तिथं चेंडू सरळ उसळतो, आकाश नसतं, ऊन नसतं. बाहेर आल्यावर पहिल्या आठवड्यात उंच उडालेले साधे झेल सुटतात ते याच कारणानं. हरलेल्या सामन्यांचा दोष मात्र बिचाऱ्या पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, जातो.

या दौऱ्यांची भरपाई म्हणून बेसबॉलमध्ये २०१३पासून आरपीआयचं गणित बदललं. आरपीआय म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडताना वापरला जाणारा आकडा. त्यात स्वतःच्या विजयाचं प्रमाण फक्त २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाचं ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं २५ टक्के. नव्या पद्धतीत बाहेरचा विजय १.३, घरचा विजय ०.७. पराभवाला उलटं: घरी हरलात तर १.३चा फटका, बाहेर हरलात तर ०.७. याचा परिणाम मंगळवार-बुधवारच्या सामन्यांवर दिसतो. मे महिन्यात, घरच्या मैदानावर, तळातल्या संघाशी सामना आहे. जिंकला तर ०.७, शिवाय त्या संघाचे पराभव आपल्या ५० टक्क्यांत मिसळणार. हरला तर विचारूच नका. अशा दिवशी रडारवर हिरवा ढग दिसला की काही कोचना पाऊस अंमळ लवकरच लागतो. हे सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी बोलत नाही. सामना रद्द होतो, नंतर घ्यायचा विषय निघत नाही.

खरा पाऊस आला की सूत्रं मैदान राखणाऱ्यांच्या हाती जातात. बेसबॉलचं इनफिल्ड, म्हणजे बेसच्या चौकोनाचा आतला भाग, झाकायची ताडपत्री, जिला सगळे टार्पच म्हणतात, १७० फूट लांब आणि तितकीच रुंद असते. कोरडी असतानाच वजन अर्ध्या टनाच्या आसपास. ओढायला पंधरा-वीस माणसं लागतात आणि विद्यापीठात ती माणसं म्हणजे बहुधा राखीव खेळाडू आणि विद्यार्थी-कर्मचारी. पहिला नियम: वारा पाठीवर घेऊन ओढायची. वाऱ्याच्या तोंडावर ओढली तर तिचं शीड होतं. दुसरा नियम पहिल्याहून महत्त्वाचा: उचलली गेली तर सोडून द्यायची. धरून ठेवणारा तिच्याबरोबर वर जातो आणि खांदा निखळवून खाली येतो. अंथरून झाली की वाऱ्याकडच्या कडेवर आधी वाळूच्या पिशव्या, मग बाकीच्या तीन बाजू.

काढतानाही घाई नडते. वर साठलेलं पाणी फाउल रेषेपलीकडच्या गवतावरच सांडलं पाहिजे. कोपरा चुकीच्या वेळी उचलला तर दोन तास राखलेल्या मातीवर एका झटक्यात तळं होतं. पाऊस थांबून ऊन पडलं आणि टार्प तशीच राहिली तर खालचं गवत भाजून पिवळं पडतं, ते वेगळंच.

एवढं करूनही कडेनं डबकी राहतात. उत्साही मंडळी तेव्हा खराटा घेऊन धावतात. पाणी गवताकडे लोटलं जातं खरं, पण त्याबरोबर बारीक मातीही जाते आणि मातीच्या नि गवताच्या सीमेवर थरावर थर साचून उंचवटा तयार होतो. महिनाभरानं जमिनीलगत आलेला साधा चेंडू त्या उंचवट्यावर आपटून शॉर्टस्टॉपच्या हनुवटीवर जातो, तेव्हा कुणाला खराटा आठवत नाही. बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे. स्पंजनं किंवा हातपंपानं पाणी उचलायचं, भाजलेल्या चिकणमातीचे दाणे पातळ पसरायचे, ते पाणी पिईपर्यंत थांबायचं, मग दातेरी फळीनं वरवर ओढायचं. पोत्यामागून पोती रिकामी केली तर तासाभरात सामना सुरू होतो, पण दुसऱ्या दिवशी तो थर सुटा पडतो आणि धावणाऱ्याचा पाय निसटतो.

माउंडची, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची, तऱ्हा निराळी. उंची १० इंच, रबरी पट्टीच्या पुढे सहा इंचांवरून दर फुटाला एक इंच उतार. पिचरचा पुढचा पाय दर वेळी त्याच जागी पडतो, तिथं खड्डा होतो. सामना संपल्यावर त्यातली सुटी माती पूर्ण झाडायची, खड्डा ओलसर करायचा, ओली चिकणमाती भरून धुमसानं ठोकायची. कोरड्यावर कोरडी माती टाकली तर ती दुसऱ्या दिवशी तिसऱ्या इनिंगलाच पोपड्यासारखी निघते. पाय घसरला की पिचर नकळत खांद्यानं भरपाई करतो. सॉफ्टबॉलला माउंडच नाही आणि इनफिल्डवर गवतही नाही, सगळी उघडी माती. तिथं पावसाइतकाच कोरड्या वाऱ्याचा त्रास. दिवसातून दोनदा पाणी मारलं नाही तर वरची माती धूळ होऊन आउटफिल्डमध्ये जाते.

मैदान खेळण्याजोगं आहे की नाही, हे साधारणपणे सामना सुरू होईपर्यंत यजमान ठरवतात. लाइनअप कार्ड, म्हणजे खेळणाऱ्यांची यादी, अंपायरच्या हातात पडलं की तो अधिकार अंपायरकडे जातो. म्हणून शंका असेल तेव्हा पाहुणे संघ कार्ड द्यायची घाई करतात आणि यजमान रेंगाळतात. विजेचं मात्र कुणाच्या हातात नाही. शेवटची वीज दिसल्यापासून किंवा गडगडाट ऐकू आल्यापासून ३० मिनिटं थांबायचं, आणि एकोणतिसाव्या मिनिटाला पुन्हा चमकली तर मोजणी शून्यापासून. अशा दोन-तीन मोजण्या झाल्या की सुरुवातीचा पिचर परत येत नाही. तासभर गार झालेला हात पुन्हा तापवणं ही जोखीम शहाणा कोच घेत नाही.

हात. सगळा बेसबॉल सीझन शेवटी इथं येऊन थांबतो. आठवड्याची रचना साधी असते: शुक्रवार, शनिवार, रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीन सामने, मधल्या वारी एखादा. शुक्रवारी सर्वांत चांगला पिचर, मग दोन नंबरचा, मग तीन. कॉलेज बेसबॉलच्या नियमावलीत किती चेंडू टाकावेत याला मर्यादा नाही. बरेच जण पिच स्मार्ट या मार्गदर्शक सूचनांचे आकडे धरून चालतात. १९ ते २२ वयोगटासाठी दिवसाला जास्तीत जास्त १२०. ३०पर्यंत टाकले तर विश्रांती नको, ४५पर्यंत एक दिवस, ६०पर्यंत दोन, ८०पर्यंत तीन, १०५पर्यंत चार, त्यावर पाच.

आता शेवटचा आठवडा बघा. पुढच्या मंगळवारी किंवा बुधवारी कॉन्फरन्सची, म्हणजे आपल्या विद्यापीठ-गटाची, स्पर्धा सुरू व्हायची असते, म्हणून शेवटची मालिका गुरुवार ते शनिवार ठेवतात. आदल्या शुक्रवारी ११० चेंडू टाकलेला पिचर शनिवार ते बुधवार असे बरोबर पाच दिवस विश्रांती घेऊन गुरुवारी उभा राहू शकतो. कागदावर बसतं. पण एरवी मालिकेच्या मधल्या दिवसांत तो पंचवीस-तीस चेंडूंचा हलका सराव करतो, त्याला आता जागा नाही. एप्रिलमधला एखादा पावसाळी शुक्रवार शनिवारी ढकलला गेला, की ही साखळी तिथूनच सरकायला लागते. मेमध्ये हात दुखायला लागतो त्याचं मूळ पुष्कळदा एप्रिलच्या रडारवर सापडतं.

धावफलकावर न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे बुलपेन, राखीव पिचर हात तापवतात ती जागा. राखीव पिचरला तापायला सांगितलं, वीस चेंडू टाकले, मग बसवलं. पुढच्या इनिंगला पुन्हा उठवलं. तिसऱ्यांदा उठवलं, पण पाठवलं नाही. त्याच्या नावापुढे शून्य चेंडू. हाताच्या हिशेबी साठ. चांगल्या संघात एक विद्यार्थी फक्त बुलपेनमधले चेंडू मोजतो आणि ती वही ट्रेनरकडे जाते. ज्या संघात ही वही नाही, तिथं ‘कालच तर आराम केला’ हे वाक्य ऐकू येतं.

टोकाचं उदाहरण ३० मे २००९चं. ऑस्टिनला टेक्सास विरुद्ध बोस्टन कॉलेज, २५ इनिंग, टेक्सास ३-२नं जिंकलं. टेक्सासच्या ऑस्टिन वूडनं राखीव म्हणून येऊन १३ इनिंगमध्ये १६९ चेंडू टाकले, आणि तेही आदल्या दिवशी टाकून झाल्यावर. पराक्रम म्हणून तो आजही सांगितला जातो. मोजणीची वही ठेवणारे लोक तो वेगळ्या कारणासाठी सांगतात.

सॉफ्टबॉलमध्ये तर ‘खालून टाकतात, हाताला काही होत नाही’ हा समज अजून पुरता गेलेला नाही. पूर्ण वर्तुळात फिरणाऱ्या हाताचा ताण खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि दंडाच्या स्नायूवर येतो. ४३ फुटांवरून ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगानं आलेला चेंडू बॅटरपर्यंत पोहोचायला सेकंदाचे चार दशांश घेतो, म्हणजे साडेसाठ फुटांवरच्या जोरदार बेसबॉल पिचरइतकाच. २०२५च्या कॉलेज सॉफ्टबॉलच्या वर्ल्ड सीरिजमध्ये ओक्लाहोमा सिटीत टेक्सास टेकची निजारी कनाडी अंतिम मालिकेच्या तिसऱ्या सामन्यापर्यंत संघाचा एकेक चेंडू स्वतः टाकत आली. तिसऱ्या सामन्यात पहिल्याच इनिंगला पाच धावा गेल्या, तिला बसवलं, टेक्सास १०-४नं जिंकलं. त्याच मालिकेच्या पहिल्या सामन्यात बॅटरला फुकट पहिला बेस द्यायचा (याला मुद्दाम वॉक म्हणतात) म्हणून तिनं बाहेर टाकलेला चेंडू रीस ॲटवूडनं हात लांब करून लेफ्ट फील्डमध्ये मारला आणि दोन धावा आल्या. मुद्दाम वॉक देतानाचा चेंडू पुरेसा लांब टाकण्याचा सराव मग बऱ्याच ठिकाणी सुरू झाला असेल, असं समजायला हरकत नाही.

२०२५-२६पासून या गणितात संघाच्या आकाराचीही भर पडली. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या हाउस तडजोडीत (खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या खटल्यातला समझोता) सामील झालेल्या विद्यापीठांना बेसबॉलमध्ये ३४ आणि सॉफ्टबॉलमध्ये २५ खेळाडूंची मर्यादा आली. शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली. पूर्वी बेसबॉलला ११.७ शिष्यवृत्त्या मिळत आणि त्या २७ जणांपर्यंत वाटून द्याव्या लागत. पैशाची मोकळीक झाली, पण टार्प ओढायला आणि मंगळवारी चार इनिंग भरून काढायला जे जास्तीचे हात असत, ते कमी झाले.

ट्रॅकवाल्यांची गोष्ट निराळी: त्यांना पावसापेक्षा वारा छळतो. १०० आणि २०० मीटर, सरळ ट्रॅकवरच्या अडथळ्यांच्या शर्यती, लांबउडी आणि तिहेरी उडीत पाठीवरचा वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असला तर विक्रम धरत नाहीत. वायुमापक १.२२ मीटर उंचीवर, अंतिम रेषेपासून ५० मीटरवर, ट्रॅकपासून दोन मीटरच्या आत लावायचा. छत्री, तंबू, बाक यांच्या आडोशाला लागला तर आकडा खोटा येतो. १०० मीटरला मोजणी १० सेकंदांची, लांबउडीला ५.

प्रवासात डोकेदुखी बांबूउडीची. खेळाडूगणिक चार-पाच पोल, प्रत्येक साडेचार-पाच मीटर लांब, प्रत्येकावर लांबी आणि किती वजनासाठी आहे तो आकडा. दिवस गार असेल, वारा समोरून असेल तर मऊ पोल; पाठीवर वारा आणि अंगात जोर असेल तर कडक. एकच पोल नेऊन भागत नाही. बऱ्याच विमानांत ते घेत नाहीत, म्हणून एक तर व्हॅन दोन दिवस आधी निघते किंवा यजमानांकडून पोल मागून घ्यावे लागतात. मागून घेतलेला पोल हाताला अनोळखी, त्यावर पहिल्याच उंचीला तीन अपयशं हा नेहमीचा शेवट. गोळाफेक, थाळीफेकवाल्यांचं साहित्य स्पर्धेआधी तोलून घेतात. पुरुषांचा गोळा ७.२६ किलो, थाळी २ किलो. वर्षभर काँक्रीटवर पडून घासलेला आवडता गोळा काही ग्रॅम कमी भरतो आणि बाद होतो. तराजू घरी असतो, पण निघण्याआधी तोलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

एप्रिलमधले मोठे मेळे, म्हणजे १८९५पासून चालत आलेले पेन रिलेज आणि १९१०पासूनचे ड्रेक रिलेज, प्रेक्षकांसाठी उत्सव असतात. कोचसाठी ते यादीत वर सरकायची जागा. कारण राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत पूर्व आणि पश्चिम विभागातून बहुतेक प्रकारांत प्रत्येकी ४८ जण जातात आणि त्यांतले १२ पुढे. १०,००० मीटरला ४८ जणांची एकच शर्यत लावतात. पहिल्या वळणावर तिथं शर्यत कमी आणि गर्दीची लोकल जास्त दिसते. ४९व्या क्रमांकावर असलेला धावपटू मेच्या दुसऱ्या आठवड्यात कुठे मीट आहे ते शोधत असतो, आणि नेमकी तेव्हाच त्याची परीक्षा असते.

टेनिसचं थोडक्यात: आधी दुहेरीच्या तीन लढती मिळून एक गुण, मग एकेरीच्या सहा, चार गुण झाले की जिंकलं. बाहेर सहा कोर्ट असतील तर सगळं सुरळीत. पाऊस आला आणि आत चारच कोर्ट निघाले, की पाच आणि सहा नंबरचे खेळाडू दोन तास बसून गार होतात, आणि निकाल नेमका त्यांच्यावर येऊन अडतो. गोल्फला पाच खेळतात, चौघांचे गुण धरतात: ७३, ७४, ७५, ७६ आणि ८५ असतील तर ८५ सोडून २९८. पाचव्यानं निर्धास्त राहावं असं मात्र नाही, कारण दुसऱ्या दिवशी कुणाचा ८५ होईल ते सांगता येत नाही. लॅक्रॉसची अडचण मैदानाची. स्प्रिंगमध्ये फुटबॉलचे १५ सराव होतात आणि मोठ्या मैदानावर पहिला हक्क कुणाचा, हे कुणी विचारत नाही.

बसचा हिशेब मात्र प्रत्येक खेळाला लागू. अमेरिकेत प्रवासी बसचालकाला आठ तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त १० तास चालवता येतं, आणि कामाचे १५ तास भरले (मधली सुट्टीची वेळ धरत नाहीत) की स्टिअरिंगला हात लावता येत नाही. रविवारी सकाळी नऊला कामावर येऊन दिवसभर ड्युटीवरच राहिलेला चालक रात्री बारानंतर बाद. सामना चौदा इनिंग चालला आणि घर सहा तासांवर असेल, तर दुसरा चालक वाटेत उभा करावा लागतो किंवा हॉटेल शोधावं लागतं. म्हणूनच मालिकेच्या शेवटच्या दिवशी ठरावीक वेळेनंतर नवी इनिंग सुरू करायची नाही, असा करार दोन्ही संघ आधीच करतात. ही वेळ सामन्यापूर्वी अंपायरला लेखी दिली नसेल, तर बरोबरीत असताना वाद ठरलेला.

त्यातच आठवड्याला २० तासांचा नियम: सीझनमध्ये खेळाडूकडून सराव-सामन्यांचे दिवसाला चार आणि आठवड्याला वीसच तास घेता येतात, एक दिवस पूर्ण सुट्टी. सामन्याचा दिवस मात्र तीन तासच धरतात, मग तो पाच तास चालो. प्रवास धरतच नाहीत. गुरुवारी दुपारी निघून सोमवारी पहाटे परतलेल्या मुलाचे कागदावर शुक्रवार ते रविवार मिळून नऊ तास भरतात. नियम मोडलेला नसतो, सोमवारी सकाळच्या तासाला मूल झोपलेलं असतं.

सॉफ्टबॉलचे रीजनल, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी, मेच्या मध्यावर येतात, बेसबॉलचे मेअखेरीस. बेसबॉलच्या ६४ संघांची घोषणा सोमवारी होते आणि शुक्रवारी खेळायचं. प्रत्येक ठिकाणी चार संघ, दोनदा हरलात की बाहेर. पहिला सामना हरणाऱ्याला सलग चार जिंकावे लागतात, म्हणजे शुक्रवार ते सोमवार एकूण पाच सामने. तिसऱ्यापर्यंत ओळखीचे पिचर पुरतात. चौथ्याला मंगळवारचा पिचर. पाचव्याला ज्याच्या विश्रांतीचा हिशेब वहीत कसाबसा बसतो तो. आणि सोमवारी सकाळी अकराला हॉटेलचा माणूस दारात येऊन विचारतो, खोल्या सोडताय की ठेवताय. पस्तीस-चाळीस माणसांच्या खोल्या. सामना संध्याकाळी सहाला.